डकोटाचं डावं चाक

३ नोव्हेंबर, सोमवार

रंगारी आले, दोघे. सुरुवात हॉलपासून. माळा रिकामा करून हवा म्हणाले. ट्रंका, कॉलेजातल्या ड्रॉइंगशीटच्या गुंडाळ्या, दोन मोडके पंखे, आणि सगळ्यात आत आईच्या नऊवारीत गुंडाळलेलं डकोटा, माझं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान. मार्चपासून वर होतं. आठ महिने.

दोघांतला मोठा, यादव, विमान खाली घेताना म्हणाला, "मॅडम, ये उड़ता है?"
म्हटलं, उडत होतं.
"बनाया किसने?"
मी.
"और उड़ाता कौन था?"
चहा टाकायला आत गेले.

पोट फाटलंय ते तसंच आहे. फटीत मैदानातलं गवत अडकलेलं, वाळून पिवळं. चाकं आत. दोन मीटरचा पंख दुसरीकडे कुठे मावत नाही, म्हणून सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. आज जेवले ओट्याशी उभ्यानं. तसंही एकटीला टेबल लागतं कुठे.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस त्याच्या बाजूने ये-जा करते आहे. समोरच आहे, तर लिहूनच काढते.

मार्चमधला तो रविवार. पनवेलच्या पुढचं मैदान. धुरींच्या हातात ट्रान्समीटर, म्हणजे विमानाचा रिमोट, मी त्यांच्या डाव्या हाताला उभी. एकोणीस वर्षं हेच. मी विमान बांधायचं, त्यांनी उडवायचं. मला उडवता येत नाही, त्यांना बाल्सा लाकडाची पट्टी सरळ कापता येत नाही.

डकोटा वळण घेऊन सुरेख उतरत आलं आणि चाकं आतच. पोटावर टेकलं, घसरलं, फाटलं.

धुरी म्हणाले, "बटण टाकलं होतं ओ बाई."

ट्रान्समीटरवर चाकांचं बटण वर होतं. म्हणजे चाकं आत. सगळ्यांनी बघितलं. मी तिथल्या तिथे विमान उचलून धरलं, बटण खाली टाकलं. घुर्र करून दोन्ही चाकं शहाण्यासारखी बाहेर. दर रविवारी मैदानावर येणारे साठे होते, पिंटो होता, अजून तिघे होते.

"खाली टाकलं, आली नाहीत. म्हणून वर घेऊन परत टाकत होतो," धुरी म्हणाले.

मी म्हटलं, "धुरी, तुम्ही विसरलात. हात थरथरतात तुमचे. आता पुरे करा."

वर्गातला आवाज. तीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवताना वापरलेला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ट्रान्समीटर माझ्या हातात दिला, "ठेवा तुमच्याकडे," म्हणाले, आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. ज्या माणसानं अख्खी नोकरी गोदीत क्रेनवर काढली आणि एक पेटी खाली टाकली नाही, त्याला मी हे पाच जणांदेखत...

पनवेल ते गिरगाव एक शब्द नाही. मला दारात सोडलं. पंख जिन्यातून वर चढवायला मात्र मदत केली. त्यानंतर भेट नाही, फोन नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रंगारी आले नाहीत. दिवसभर कोणाशी बोलणं नाही. दुपारी कुरियरवाल्याचा फोन आला तर घशातून आवाज फुटेना, दोनदा खाकरावं लागलं. त्याला वाटलं मी आजारी आहे. "आराम करा मावशी," म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवार घरात निघत नाही म्हणून दादरला गेले. प्लाझाच्या बाजूला भाजी घेताना धुरींची सून भेटली, स्नेहा. तिनंच हाक मारली. हातात मेथीच्या दोन जुड्या, चेहरा दमलेला.

विचारलं, धुरी कसे आहेत.

"तब्येत बरी आहे हो. पण..." मग भाजीवालीच्या पाटीपाशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. व्हॅन विकायला काढली, म्हणाले मी आता चालवण्याच्या लायकीचा नाही. स्वतःच जाऊन मेमरीची टेस्ट करून घेतली, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा नॉर्मल. तर म्हणतात डॉक्टरला काय कळतंय. घराबाहेर पडताना कुलूप तीन-तीनदा ओढून बघतात. गॅसला हात लावत नाहीत. नातीला शाळेतून आणायचे, तेही बंद. "म्हणाले, रस्त्यात तिचा हात सोडला आणि विसरलो तर?"

मग ती म्हणाली, "मैदानावर काहीतरी झालं ना मार्चमध्ये? घरी काही सांगत नाहीत."

मी म्हटलं, विमान पडलं होतं.

"एवढंच?"

एवढंच म्हटलं. मेथी घेतली. मला मेथी आवडत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहाला टेबलाशी बसले. गवत चिमट्यानं काढलं. बॅटरी चार्जिंगला लावली.

मनाशी ठरवलंय की उत्तर आधी धरायचं नाही. धुरी विसरले हे एक उत्तर. चाकं अडकली हे दुसरं. मार्चमध्ये मी पहिलं उत्तर मैदानावरच दिलं आणि दुसऱ्याचा विचारच केला नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला परत बसवलं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पंख उलटा टेबलावर. बटण खाली, चाकं बाहेर. बटण वर, चाकं आत. चाळीस वेळा. एकदाही चूक नाही.

प्रत्येक चाकाला आपली छोटी मोटर, मोटरला लांब स्क्रू, स्क्रू फिरला की पाय उघडतो. दोन्ही मोटरींना मिळून एकच कंट्रोल बॉक्स. मोटरवर जोर आला की बॉक्सला वाटतं पाय शेवटपर्यंत पोचला, आणि तो वीज तोडतो. एकाला जोर आला तरी दोघांची तोडतो. म्हणजे एक चाक अडकलं तर दोन्ही आत राहू शकतात. हे मला माहीत होतं. मीच तर जोडलं होतं. मार्चमध्ये डोक्यात आलं कसं नाही?

पण अडकत तर नाहीये. स्क्रूवरची माती पुसली, तेल घातलं. परत वीस वेळा. ठीक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लॅमिंग्टन रोड. गिरगावातून चालतच गेले. दुकानदार जुना ओळखीचा, बॉक्स उलटापालटा करून म्हणाला, "मॅडम, ये बॉक्स का ही लोचा है, बदल डालो." तसं झालं तर किती बरं. कोणाचाच दोष नाही. नवा बॉक्स घेतला.

घरी येऊन मीटर लावला. जुना बॉक्सही बरोबर, नवाही बरोबर. वायरी ओढून बघितल्या, सोल्डर भिंगाखाली बघितलं. रिसीव्हरचा पुरवठा नीट. डाव्या मोटरीला उजव्यापेक्षा किंचित जास्त करंट लागतो, पण एवढा फरक असतोच.

सगळं बरोबर आहे. म्हणजे धुरी विसरले.

असं लिहून पेन ठेवला आणि बरं वाटलं. कबूल करते, बरं वाटलं. मग स्नेहाचा चेहरा आठवला आणि वाटेनासं झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं.

यादव आज स्वयंपाकघराच्या छताला लागला. दोन स्टुलं, त्यांच्यावर फळी, फळीवर तो. ब्रश मारत मध्ये सरकला तशी फळी वाकली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी. फळी बघत राहिले. तो म्हणाला, "टूटेगा नहीं मॅडम, रोज का है."

टेबलावर पंखाला काही भारच नसतो. हवेत सगळं विमान पंखाला लटकलेलं असतं. वळण घेतलं की वजन दुप्पट. पंख वाकणारच. आणि माझी चाकं पंखात बसवलेली.

त्याला म्हटलं, स्टुलं द्या जरा. त्यानं फळी उतरवली. पंखाची दोन टोकं दोन स्टुलांवर ठेवली, मध्ये धड जोडलं, चाकं आत घेतली. आता भार काय ठेवायचा? तांदळाच्या दोन पिशव्या होत्या, पाच-पाच किलोच्या. टॉवेल घालून मधोमध ठेवल्या. पंख वाकला, फार नाही, बोटभर.

बटण खाली.

घुर्र... टक्. चाकं पेराएवढी बाहेर आली आणि थांबली. दोन्ही.

बटण वर, परत खाली. टक्.

तांदूळ उतरवले. बटण खाली. दोन्ही चाकं बाहेर, शहाण्यासारखी.

परत तांदूळ. टक्. परत उतरवले. बाहेर. पाच वेळा केलं. यादव ब्रश खाली धरून बघत होता, रंग फरशीवर ठिबकत होता. म्हणाला, "बोझा पड़ा तो अटकता है. आदमी जैसा."

बटण टाकलं होतं ओ बाई. बटण टाकलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पंखाचं आवरण कापून डावी बाजू उघडली. रिट्रॅक्ट, म्हणजे चाक आतबाहेर करणारं यंत्र, ज्या लाकडी पट्टीवर चार स्क्रूंनी बसतं, ती पट्टी. एका कडेनं चीर गेलेली. हातानं दाबलं की उघडते, सोडलं की मिटते. पंख वाकला की पट्टी पिळते, पिळली की मोटरचा लांब स्क्रू तिरका होऊन घट्ट बसतो. इतकं सरळ आहे.

आणि पट्टी बर्च प्लायची नाही, इथे तोच मजबूत प्लाय लागतो.

बर्च संपला होता. आठवतंय. आईचा शेवटचा महिना चालू होता, मी दुकानात जाऊ शकत नव्हते, आणि रात्रंदिवस घरात काहीतरी हातात हवं होतं. कपाटाच्या जुन्या खणाचा तळ काढून त्यातून पट्टी कापली. मागून बदलू म्हटलं. मग आई गेली, आणि मागून काही बदललं नाही.

पट्टीवर पेन्सिलनं लिहिलंय, "डावी". माझं अक्षर. ड्रॉइंगच्या बाईंचं, छापल्यासारखं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी उठल्या उठल्या मनात आलं की चीर अपघातात पडली असेल. पोटावर आपटल्यावर. म्हणजे आधी पट्टी चांगली होती, म्हणजे त्या दिवशी चाकं चालत होती, म्हणजे...

भिंग घेऊन बघितलं. ताजी चीर पांढरी असते. ही आतपर्यंत काळी. स्क्रूचं तेल झिरपून, त्यावर धूळ बसून. तेल मी फक्त बांधताना आणि गेल्या मंगळवारी घातलं, मंगळवारचं अजून ओलं आहे, वर आहे. खालचं जुनं, सुकलेलं. चीर विमान पडायच्या कितीतरी आधीची.

पळायला वाट होती, ती पण बंद झाली. बरंच झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रंगारी काम संपवून गेले. जाताना यादवनं विचारलं, "अब उड़ेगा?" मी मान हलवली, कशी ते मलाच कळलं नाही. घर नव्या रंगाच्या वासानं भरलंय आणि बोलायला आता तोही नाही.

एक गोष्ट मी ५ तारखेला लिहिली नाही. इथेही नाही लिहिली तर मग कुठे.

उतरायच्या आधी, शेवटच्या वळणावर, धुरींनी विचारलं होतं, "चाकं आली ना बाई?" ते नेहमी विचारतात. त्यांची नजर विमानाच्या चालीवर असते, चाकं बघायचं काम माझं. मी म्हटलं, "हो."

मी बघितलंच नव्हतं. मी त्यांचे हात बघत होते. त्या हिवाळ्यात हात थरथरायला लागले होते, व्हॅनचं दार लावताना, कप धरताना, आणि मला सारखं वाटायचं की आता किती रविवार राहिले. हात बघत होते आणि तोंडानं हो म्हटलं.

म्हणजे बटण टाकल्याशिवाय कोणी विचारतं का, चाकं आली का म्हणून? ते विसरले नव्हते हे मला त्याच मिनिटाला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पाच जण बघत होते आणि विमान फाटलेलं होतं आणि दोष द्यायला मला कोणीतरी हवं होतं, मी सोडून.

त्यांनी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, बाईंनी हो म्हटलं. म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले?

२० नोव्हेंबर, गुरुवार

लालबागला गेले. पट्टी रुमालात, रुमाल पर्समध्ये. बसमधून उतरून त्यांच्या बिल्डिंगपर्यंत गेले. ज्या चाळीत ते वाढले तिच्या जागी आता चोवीस मजले. वॉचमननं वहीत नाव लिहायला सांगितलं. नाव लिहिलं. 'कोणाकडे' तेही लिहिलं. 'काम' असा रकाना होता. तिथे पेन अडला.

"काय काम आहे मॅडम?"

म्हटलं, नंतर येते.

मसाल्याच्या दुकानांसमोरून परत चालत आले. मिरच्या कांडायचा ठसका बसला, डोळ्यांतून पाणी. कोणी बघितलं तर तेच वाटलं असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले. ठाकूरद्वारहून खरवस घेतला, त्यांना आवडतो. वहीत 'काम'पुढे 'भेट' लिहिलं.

दार स्नेहानं उघडलं. धुरी खिडकीजवळच्या खुर्चीत. वाळलेत. मला बघून उठले, "या बाई," म्हणाले, जसं काही मागच्या रविवारीच भेटलो होतो. स्नेहा चहा टाकायला आत गेली.

मी बसलेच नाही. बसले असते तर आधी तब्येत, मग हवा, मग नातीची शाळा, आणि मग उठून आले असते. रुमाल उघडला आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. सगळं सांगितलं. फळी, तांदूळ, चीर, खणाचा तळ. "तुम्ही बटण टाकलं होतं. चाकं माझ्या पट्टीमुळे अडकली."

ते पट्टी अंगठ्यानं दाबत होते. चीर उघडत होती, मिटत होती. हात थरथरत होता.

म्हणाले, "हात थरथरतो तो थरथरतोच ओ बाई. त्याला तुमचा प्लाय काय करणार."

"अजून एक," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं होतं, चाकं आली ना. मी हो म्हटलं. मी बघितलं नव्हतं, धुरी."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली पुलावरून गाड्या चाललेल्या. मग हळू आवाजात, माझ्याकडे न बघता:

"मला आठवत होतं. मी विचारलं, तुम्ही हो म्हणालात. पण चाकं तर आली नव्हती. मग म्हटलं, बाई खोटं बोलायच्या नाहीत. न बघता बोलायच्या नाहीत. एकोणीस वर्षांत कधी बोलल्या नाहीत. म्हणजे मी विचारलंच नसेल. माझ्याच डोक्यात झालं असेल सगळं, बटण पण आणि तुमचं हो पण."

स्नेहा ट्रे घेऊन दारात उभी. तिनं ऐकलं.

"आठ महिने मी कुलूप ओढून बघतोय बाई," ते म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

माफ करा म्हटलं. ते शब्द खोलीत कुठे पोचलेच नाहीत.

"आता जा तुम्ही," म्हणाले. "मला जरा बसू दे."

पट्टी त्यांनी ठेवून घेतली. खरवस टीपॉयवर तसाच. लिफ्टपर्यंत स्नेहा आली. मीच बटण दाबायचं विसरले होते, ते तिनं दाबलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. फोन चार्जिंगला लावून ठेवते, मग काढते, मग लावते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज बर्च प्लाय आणला, दादरहून. दोन पट्ट्या होतील एवढा. डावी कापली. कापताना लक्षात आलं की शिकवायचं सोडल्यापासून आठवड्याला एकच दिवस असा होता जेव्हा कोणी माझ्याशी सलग तीन तास बोलायचं. पहाटे व्हॅनमध्ये, वाशीच्या पुलावर थर्मासमधला चहा, गोदीतल्या गोष्टी. कोणत्या बोटीतून काय उतरवलं. एकदा घोडे उतरवले होते, पेटीसकट. त्यातला एक हवेत असताना शिंकला, हे धुरी दरवेळी सांगायचे आणि मी दरवेळी हसायचे.

हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी बोलायचे ते विमानाबद्दल तेवढं.

३० नोव्हेंबर, रविवार

मैदानावर गेले. साठ्यांनी शीवहून गाडीत घेतलं. विमान नव्हतं नेलं, नुसतीच गेले.

तेच लोक. पिंटो, साठे, दुसरे दोघे. एक जण तेवढा नव्हता, बदली होऊन नागपूरला गेला म्हणे. सगळे एकत्र उभे होते तेव्हा सांगितलं. मार्चमध्ये डकोटा पडलं ते धुरींमुळे नाही. चूक माझी होती, बांधणीतली, आणि बघण्यातली पण. तेव्हा मी जे बोलले ते खोटं होतं.

वर्गातला आवाज निघालाच नाही. दोनदा सांगावं लागलं, वारा होता.

साठे म्हणाले, "अहो सोडा हो, केव्हाची गोष्ट." पिंटो म्हणाला, "कुठलं ते, डकोटा ना? पडलं होतं होय?" आणि त्यांनी आपापली विमानं सुरू केली.

ते विसरून गेले होते. कदाचित दुसऱ्याच दिवशी. आठ महिने ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांकडे होती, एक गिरगावात, एक लालबागला, आणि दोघंही एकेकटी.

येताना साठ्यांनी विचारलं, "धुरी येणार का परत? त्यांच्यासारखं उतरवणारा नाही कोणी." म्हटलं, हे त्यांना सांगा ना तुम्ही. नंबर दिला. लावतो म्हणाले.

४ डिसेंबर, गुरुवार

डावी पट्टी बसली. एपॉक्सी लावून दोन दिवस दाबून ठेवली होती. स्टुलं स्वतःची आणली, तांदूळ ठेवले, बटण खाली. दोन्ही चाकं बाहेर. पंख वाकलेला असतानाही. पन्नास वेळा.

पोटाला ठिगळ मारलं. रंग जुळत नाही. नवा चंदेरी जास्तच चमकतो.

विमान तयार आहे. उडवायला कोणी नाही. साठ्यांनी विचारलंही, मी उडवू का म्हणून. नाही म्हटलं.

स्नेहाला मेसेज केला, विमान दुरुस्त झालं एवढाच. तिनं अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे वाचलं, की त्यांना सांगितलं?

६ डिसेंबर, शनिवार

दादरला प्रचंड गर्दी, सगळीकडून लोक आलेले, रस्ते बंद. घरीच. ट्रान्समीटर पुसला. गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर त्यांच्या मानेच्या घामाचा डाग आहे, तो तसाच ठेवला.

मेसेजला पुढे काही नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी साडेदहाला फोन. धुरी. स्क्रीनवर नाव बघून हातातली कणीक तशीच घेऊन उचलला.

"बाई, एक विचारायचं होतं."

म्हटलं, विचारा.

"ती पट्टी मी रोज बघतोय. खणाच्या तळाची म्हणालात ना तुम्ही. मग उजवी कसली आहे?"

उजवी बघितलीच नाही. उजव्या बाजूला मीटरनं ठीक दाखवलं, तांदळाखाली चाक आलं, म्हणून उघडलीच नाही. एकाच दिवशी, एकाच तळातून कापली असणार. एक चिरली, दुसरी अजून चिरली नाही, एवढंच.

"बघितलं नाही," म्हटलं.

पलीकडून नातीचा आवाज. पाढे म्हणत होती.

"मग बघा," ते म्हणाले. आवाज काही कडक नव्हता, काही मऊ नव्हता. क्रेनवरून खालच्या माणसाला सांगावं तसा. "उघडून बघा आणि सांगा मला."

म्हटलं, आत्ता उघडते. मग, फोन ठेवतील म्हणून घाईघाईनं, "धुरी, रविवारी मैदानावर..."

"बघू," म्हणाले. फोन ठेवला.

कणीक झाकून ठेवली आहे. दुपारचे दोन वाजले. उजव्या बाजूचं आवरण कापलं. पट्टी दिसते आहे, अजून नीट कळत नाही, तेलाचा थर आहे वर. चार स्क्रू. दोन निघाले. तिसरा फिरत नाहीये, खाच झिजली आहे. मोठा स्क्रूड्रायव्हर शोधते.